टेहळणी

डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरच्या उजळलेल्या पाटीवर काठी टेकवली आणि माझ्या मुलीला विचारलं, "हं, काय दिसतंय सांग बरं?" तिनं पाटीकडे पाहिलंच नाही. तिनं डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं, अगदी नीट, उत्तर तिथेच कुठेतरी चिकटलेलं असावं तसं, आणि म्हणाली, "काय दिसायला पाहिजे?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. "वकील होणार बरं का तुमची!" डोळ्यांत थेंब घालणारी बाईसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसली. मलाही हसायला हवं होतं. पाच वर्षांचं पोर असं काही बोललं की आईनं थोडं लाजून, थोडं मिरवून हसायचं असतं. पण मी हसले नाही. खोलीची फरशी सपाट होती, माझे पाय तिच्यावर नीट टेकलेले होते, आणि तरी मी क्षणभर खुर्चीची पाठ धरली. डॉक्टरांनी काठी वरच्या मोठ्या अक्षरावर नेली, मग बदकाचं चित्र असलेली दुसरी पाटी लावली. ती गप्प. त्या गप्प बसण्यात हट्ट नव्हता. ती वाट पाहत होती. कुणीतरी आधी सांगेल, मग ती म्हणेल, हो, तेच. शाळेतल्या बाईंनी म्हणूनच तर पाठवलं होतं आम्हाला. "फळ्यावर काय आहे विचारलं की माझ्याकडेच बघत बसते हो. लांबचं दिसत नसेल." मी म्हणाले, हो, तपासून घेते. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करते. लोकांच्या चुका शोधायचा हिला पगार मिळतो आणि घरच्यांच्या ही फुकट शोधते, असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. पण बाईंपुढे मी चुकीवर बोट ठेवलं नाही. तिला लांबचं चांगलं दिसतं. नको तेवढं लांबचं तिला बघायला लावलं, म्हणून हे असं झालं, हे बाईंना कुठून सुरुवात करून सांगायचं?

"थेंब घालू या," डॉक्टर म्हणाले. "बाहुल्या मोठ्या झाल्या की मग तिनं सांगायची गरजच नाही. यंत्र सांगेल."

बाहेरच्या बोळात हिरव्या रेक्झिनच्या बाकावर माणसं ओळीनं डोळे मिटून बसली होती. कुणाची मान मागे भिंतीला टेकलेली, कुणाच्या गालावरून औषध ओघळलेलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते झोपेतलं भाबडेपण. मी तिला त्या ओळीत बसवलं. थेंब झोंबले तेव्हा ती रडली नाही, नुसती आखडली. "उघडू?" तिनं विचारलं. "नको इतक्यात." तिनं पापण्या इतक्या घट्ट आवळल्या की कपाळाला आठ्या पडल्या. सांगितलेलं ऐकते. फार ऐकते. समोरचा एक दात नसल्यामुळे तिचा श्वास त्या फटीतून बारीक शीळ घालत येतो. मी ती शीळ ऐकत बसले. दात दुधाचाच होता, पडायचाच होता, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. आमच्या घरात प्रत्येक गोष्ट कधी ना कधी पडायचीच असते. ती पडली याबद्दल कुणी काही बोलायचं नसतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते चहाच्या वेळी. दोन वर्षं झाली असतील. माझे सासरे बंदरातला गाळ उपसणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावरही घरातला चहा त्यांनीच ओतायचा, हा त्यांचा मान. त्या दिवशी त्यांनी किटली उचलली, नेहमीसारखी रुबाबात, आणि धार कपाच्या बाहेर, टेबलावर पडायला लागली. मी तोंड उघडणार होते. सासूबाईंनी कप उचलला नाही, त्या ओरडल्या नाहीत, बोलणंसुद्धा थांबवलं नाही. शेजारणीच्या मुलीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होत्या, ते सांगता सांगता त्यांनी एका बोटानं कप धारेखाली सरकवला. माझ्या नवऱ्यानं फडकं टाकलं. सासऱ्यांनी किटली खाली ठेवली आणि विचारलं, "साखर बेताची आहे ना?" "अगदी बेताची," दोघं म्हणाले. मी त्या ओल्या फडक्याकडे बघत बसले. रात्री नवऱ्याला म्हटलं, बाबांना दिसत नाहीये. तो म्हणाला, "थोडं कमी दिसतं, या वयात." मी म्हटलं, डॉक्टर? तो म्हणाला, "त्यांना तसं कुणी सांगायचं नाही. त्यांना ते सहन व्हायचं नाही. आईला विचार." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांना सगळं पाठ आहे." आणि खरंच पाठ होतं. घरातल्या पायऱ्या, बँकेतल्या खिडक्या, नात्यातली माणसं आवाजावरून. जे पाठ नव्हतं तिथे कुणीतरी कप सरकवायचं. मी लग्न करून आले तेव्हा मला स्वयंपाक येत नाही म्हणून सगळे घाबरले होते. या घरात शिकायची खरी कला दुसरीच होती.

त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली एक शिडाची बोट होती. नवरा लहानपणी खिळ्यांचा डबा धरून उभा असे आणि सासरे एकेक फळी बसवत, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्या खिळ्यांचा वास मला येतो. त्या बोटीचं काय करायचं, हा प्रश्न होता. चहाची धार वेगळी आणि बंदराचं तोंड वेगळं. किनारा त्यांना पाठ होता, कुठे किती गाळ आहे ते ते झोपेत सांगतील, पण बंदरात शिरताना रस्ता दाखवणारे बोये असतात, लोखंडी पिंपासारखे तरंगणारे, लाल आणि हिरवे, आणि ते दिसावेच लागतात. सुकाणू त्यांच्या हातून काढून घेणं शक्य नव्हतं. मग माझ्या नवऱ्यानं एक खेळ काढला. आमच्या मुलीला, जिला सासरे बटण म्हणतात, त्यानं बोटीच्या पुढच्या टोकाला बसवलं, जाकीट घातलं, कमरेला पट्टा बांधून तो बोटीच्या कडीत अडकवला आणि सांगितलं, तू आजपासून टेहळणी अधिकारी. बोया दिसला की ओरडायचं. "लाल! डावीकडे!" ती ओरडायची. "शाब्बास, अधिकारी!" सासरे मागून गरजायचे, आणि बोट सुरळीत आत शिरायची, आणि धक्क्यावर उतरल्यावर खिशातून एक पेपरमिंटची गोळी निघायची. लोक बघायचे. किती छान घर, म्हणायचे. मलाही छान वाटायचं, हे मी नाकारत नाही; आजोबा-नातीचा खेळ म्हणून मी त्याचे फोटोही काढले. सासूबाई मात्र बोटीत कधीच बसल्या नाहीत. "ह्यांच्या हातात सुकाणू असलं की मला काळजी नसते," म्हणायच्या. किनाऱ्यावर बसून काळजी नसणं सोपं असतं.

"आई, उघडू?" "नको गं." फोन थरथरला. नवरा.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अजून बघायचेत. थेंब घातलेत."

"बरं ऐक, बाबा निघालेत तिकडे. टॅक्सीनं. तुम्हाला घेऊनच घरी येतील."

"बाबा कशाला?"

"अगं, त्यांना वाटलं म्हणून. आणि हे बघ, रविवारचं तिला सांगून ठेव. बोट दुरुस्त होऊन आलीय, बाबांची पंचाहत्तरी आहे, चारजण येणार आहेत धक्क्यावर. चढायच्या आधी आजोबांना एकदा सॉरी म्हणायचं, बस. त्यांनी फार मनाला लावून घेतलंय."

"काय लावून घेतलंय?"

"नातीनं फसवलं, ते."

"तिनं फसवलं?"

"हे बघ, मी आत्ता ऑफिसात आहे."

माझा नवरा नेहमीच ऑफिसात असतो. घरी असतो तेव्हासुद्धा. त्या दिवशी बोटीवर, पाठीवर पाऊस आपटत असताना, शिडाची दोरी दोन्ही हातांनी ओढत तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता आणि तेव्हाही तो ऑफिसात होता.

त्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा समुद्र शिशासारखा पडून होता. हिवाळाभर बोट किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावातल्या कारखान्यात रंगाला लावलेली होती आणि ती आपल्या बंदरात आणायची, एवढंच काम. दिवसभराचा प्रवास, बटणाला सुट्टी, मी डबा केला. रेडिओवर वाऱ्याची सूचना होती. मी ती नवऱ्याला ऐकवली, नवऱ्यानं बाबांकडे पाहिलं, बाबा म्हणाले, "रेडिओवाल्यांना काय, छपराखाली बसून बोलायचं." नवरा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं." मग माझ्याकडे वळून, "तुला काय वाटतं?" आता, बाप एकदा बोलल्यावर सुनेला काय वाटतं हे विचारणं म्हणजे ताट उचलल्यावर पोट भरलं का विचारणं. मी म्हटलं, तुम्ही दोघं ठरवा. दोघांनी काहीच ठरवलं नाही. दोरी सुटली आणि आम्ही निघालो.

दुपारपर्यंत आभाळ खाली आलं. वारा वाढला असं म्हणतात, पण तो वाढत नाही, तो एकदम दुसराच कुणीतरी होऊन येतो. शीड आधी फडफडलं, मग ताठ होऊन त्यातून कापडाचा नव्हे, पत्र्याचा आवाज यायला लागला. नवऱ्यानं ते अर्धं उतरवून बांधलं. बोट एका कुशीवर पडली आणि तशीच पडून धावायला लागली. आतल्या खोलीत माझा डबा, बटणाची बाहुली, पाण्याच्या बाटल्या, सगळं एका कोपऱ्यात जाऊन साचलं. मला उलट्या सुरू झाल्या. बादलीत ओकताना माणूस फार प्रामाणिक होतो. मी बादलीच्या तळाकडे बघत विचार करत होते की या माणसांशी माझं नेमकं काय नातं आहे. तर्कशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली बाई आणि हे दोन पुरुष, ज्यांच्यात एकमेकांना खरं सांगायचं नाही एवढंच एक तत्त्व. वर बटण टोकाला बसलेली होती. मी ओरडले, तिला आत घ्या. नवरा म्हणाला, "बांधलेली आहे." मी म्हटलं, बांधलेली आहे म्हणून काय, ती पाच वर्षांची आहे. तो माझ्याजवळ वाकला, तोंड कानाशी आणलं, आणि म्हणाला, "आत घेतली तर बाबांना काय सांगू?"

हे वाक्य तेव्हा वाऱ्यानं नेलं. पुढे ते रोज थोडं थोडं परत येतंय. मुद्रितं वाचताना, दूध उतू जाताना, तिचे केस विंचरताना. बाबांना काय सांगू. त्याला स्वतःला पुढे जाऊन बसता आलं असतं. त्याचे डोळे चांगले आहेत, चष्मासुद्धा नाही. पण मोठ्या मुलानं पुढे बसून लाल-हिरवं ओरडणं म्हणजे बापाला दिसत नाही असं जाहीर करणं. नातीनं ओरडणं म्हणजे खेळ. एवढ्या एका फरकासाठी त्यानं पोटची पोर त्या टोकाला ठेवली, जिथे दर लाटेला बोट आधी वर जायची आणि मग तिच्यासकट पाण्यात नाक घालायची. मी गुडघ्यांवर रांगत तिच्यापर्यंत गेले. तिला पकडून बसले. ती गारठली होती, तिनंही ओकलं होतं, जाकिटावर सगळं सांडलं होतं, आणि तरी ती समोर बघत होती. काम करत होती. "आई, मला थुंकायचंय, पण मग बोया आला तर?" असं तिनं मला विचारलं.

बंदराजवळ आलो असणार, कारण सासरे मागून ओरडले, "तोंड आलं!" आवाज खणखणीत, सुट्टीच्या दिवसासारखा. बंदराच्या तोंडाला लाटा अडवायला दोन्ही बाजूंनी दगडांचे बांध घातलेत आणि मध्ये जी फट आहे तिच्या कडेला तो लाल बोया. तो डावीकडे ठेवून आत शिरायचं. पण पाऊस असा होता की समोर नुसती राखाडी भिंत. मला काही दिसत नव्हतं. नवऱ्याला काही दिसत नव्हतं. तो शिडाच्या आडून मान काढून बघत होता आणि त्याचं तोंड मिटलेलं होतं. "बटण! दिसलं का?" सासऱ्यांनी विचारलं. ती डोळे पुसून बघायला लागली. "दिसलं का गं?" पुन्हा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. मला काही दिसत नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं. सून म्हणून मी त्या बोटीवर ओझं होते, डोळे नव्हते. "दिसलं का?" तिसऱ्यांदा तो आवाज वेगळा आला. त्यात खेळ नव्हता. त्यात भीती होती, आणि ती भीती त्या चिमुरडीला आमच्या सगळ्यांच्या आधी ऐकू आली. आजोबा घाबरलेत. आजोबांना घाबरू द्यायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही सगळे रोज तेच करत होतो, ते तिनं उचललं.

"दिसलं!" ती ओरडली.

"कुठे?"

"डावीकडे!"

बोया डावीकडे, म्हणजे फटही तिकडेच. सासऱ्यांनी सुकाणू वळवलं. ठाम, न चाचरता, जसं चहाची किटली उचलतात. बोट डावीकडे गेली आणि पावसातून एकदम पांढरा फेस निघाला, आणि फेसाच्या आत काळे, ओले, गाईच्या पाठीएवढे दगड. नवरा कधी मागे धावला ते मी पाहिलं नाही. त्यानं बापाच्या हातावर हात टाकून सुकाणू उलटं ढकललं. बोट फिरली, पण पुरती नाही. एका कुशीनं ती दगडांवर घासली. तो आवाज लाकडाचा नव्हता, जनावराचा होता. बटणाचं तोंड बोटीच्या कठड्यावर आपटलं. मग एक लाट आली, तिनं आम्हाला उचललं आणि फटीतून आत टाकलं, जसं कुणी केर लोटून टाकतं. कौशल्य नाही, पुण्याई नाही, काही नाही. एक लाट. गुडघाभर पाणी भरलेली बोट मच्छीमारांनी दोरी टाकून धक्क्याला ओढली.

धक्क्यावर कुणीतरी आम्हाला घोंगड्या दिल्या. बटणाच्या ओठातून रक्त येत होतं आणि तिनं तो तुटलेला दात मुठीत धरून ठेवला होता. सासरे तिच्यासमोर उकिडवे बसले. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी तिच्या खांद्यांवर हात ठेवले आणि फार शांतपणे, फार समजूतदारपणे विचारलं, "का खोटं बोललीस, बाळ? समुद्रावर कधी खोटं बोलू नये." ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं बापाकडे पाहिलं. तिचा बाप दोरी गुंडाळत होता. दोरी गुंडाळून झाली होती, तरी तो ती सोडून पुन्हा गुंडाळत होता.

तेव्हापासून ही गोष्ट आमच्याकडे पाहुण्यांना सांगतात. "आमच्या बटणानं काय गंमत केली माहितीय? नसलेला बोया दाखवला!" पाहुणे हसतात. सासूबाई म्हणतात, "पोरांना कल्पनाशक्ती फार." आणि बटण पाहुण्यांसाठी आणलेल्या बिस्किटाचे तुकडे करत बसते. रस्ता ओलांडताना मी म्हणते, बघ गं, दिवा हिरवा झाला का? ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. आभाळात पाखरू दाखवलं तर आधी विचारते, "तुला दिसतंय?" मला दिसत असलं तरच तिला दिसतं. आणि आता रविवारी तिनं माफी मागायची. म्हणजे हिशेब पुरा झाला, गोष्टीला शेवट आला, आणि तिला परत टोकाला बसवायला सगळे मोकळे.

सासरे बोळात आले तेव्हा त्यांचा डावा हात भिंतीवरून सरकत होता. "गिलावा झकास केलाय," ते मोठ्यानं म्हणाले, कुणालाच. "हल्ली असं काम करत नाहीत." बाकावरच्या मिटल्या डोळ्यांच्या ओळीसमोर ते उभे राहिले. इस्त्रीचा सदरा, वरचं बटण लावलेलं, ताठ मान. मी म्हटलं, "बाबा, इकडे." मीसुद्धा कप सरकवला. सवय.

"कुठाय आमची अधिकारी?" ते म्हणाले, आणि तेवढ्यात आतून बोलावणं आलं. तेही आमच्याबरोबर आत आले. त्यांना कुणी थांबवत नाही. डॉक्टरांनी बटणाची हनुवटी यंत्रावर टेकवली, दिवा सोडला, बराच वेळ बघितलं. मग मागे रेलले. "ठणठणीत. असे डोळे रोज बघायला मिळत नाहीत. शाळेतल्या बाईंना सांगा, त्यांनी स्वतःचे तपासावेत." मग त्यांनी पेन उघडलं. "घरात कुणाला डोळ्यांचं काही?"

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर ठरलेलं आहे. माझ्या शेजारी सासऱ्यांनी ते द्यायला श्वास घेतलासुद्धा.

"हिच्या आजोबांना दिसत नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मला छापखान्यातल्या आवाजासारखा वाटला. तिसरी ओळ, पाचवा शब्द, वेलांटी चुकली आहे. बटणानं यंत्रावरून हनुवटी उचलली. तिचे डोळे नुसत्या बाहुल्याच झाले होते, काळेभोर, आणि त्या काळ्यातून ती एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत होती.

सासरे हसले. "सूनबाईंना विनोद सुचतात. म्हातारपणी सगळ्यांचंच थोडं इकडेतिकडे."

"मग बसा ना," डॉक्टर म्हणाले. "आलाच आहात तर बघून टाकू."

"आज घाई आहे. रविवारनंतर बघू," ते म्हणाले, आणि दरवाजाकडे वळले, आणि दरवाजा त्यांना पाठ नव्हता. त्यांचा हात चौकटीवर आपटला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन बंद केलं.

थेंब घालणारी बाई बटणाला उन्हासाठी काळा चष्मा शोधून देत होती. तेवढ्या वेळात आम्ही दोघं जिन्याच्या तोंडाशी उभे होतो. त्यांनी हात चोळला. "परक्या माणसापुढे बोललीस," ते हळू आवाजात म्हणाले. रागानं नव्हे, माझं शिक्षण कुठे कमी पडलं ते दाखवावं तसं.

"घरात बोलले असते तर कुणी ऐकलं असतं?"

"आम्हाला ऐकू येतं, बाळ. बशीवर कप सरकला की आवाज होतो. दोन वर्षं ऐकतोय मी तो."

मी कठडा धरला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आम्ही सगळे..."

"तुम्ही इतकं मन लावून करत होता. मोडायचं कशाला?"

"आणि त्या दिवशी?"

खालून रस्त्याचा आवाज येत होता. "त्या दिवशी तिला काही दिसलेलं नव्हतं," ते म्हणाले. "आवाजावरून कळलं मला."

"आणि तरी वळवलंत?"

"तीनदा विचारलं होतं मी. चौथ्यांदा विचारणारा माणूस आंधळा असतो."

एवढं ते सहज बोलले. माझ्या सासऱ्यांचा आवाज चांगला आहे, भाषा चांगली आहे, माणसं त्यांचं बोलणं ऐकून माना डोलावतात. मी त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे बघत होते. म्हणजे त्या बोटीवर खेळ चाललाय असं खरंच मानणारं एकच माणूस होतं, आणि ते पाच वर्षांचं होतं. "मग धक्क्यावर तिला खोटारडी का म्हणालात?" मी विचारलं.

"लहान आहे. विसरेल." त्यांनी कठडा चाचपला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "मला विसरायला वेळ कुठे राहिलाय?"

"आम्ही रविवारी येणार नाही," मी म्हणाले. "ती माफी मागणार नाही. आणि ती त्या टोकाला परत बसणार नाही."

"बघू," ते म्हणाले.

बटण आली. चष्मा मोठ्या माणसाचा होता, गालांपर्यंत उतरलेला. मी तिचा हात धरला आणि आम्ही उतरलो. ते पुढे, कठड्याला धरून, प्रत्येक पायरी पायानं मोजत, आम्ही मागे. खाली दुपारचं ऊन एकदम अंगावर आलं. गाड्या, हातगाड्या, समोरच्या इमारतीच्या काचांवरून उसळणारा उजेड. पदपथाच्या कडेला ते थांबले, खांदे मागे घेतले आणि सुट्टीच्या दिवसाचा तो खणखणीत आवाज काढला. "चला, अधिकारी! मी आलो ती टॅक्सी थांबवून ठेवलीय. पिवळी. कुठे दिसतेय, सांगा बघू!"

माझ्या हातातला तिचा हात ताठरला. तिनं चष्मा वर केला, डोळे किलकिले केले, पाणी आलं, पुन्हा चष्मा लावला. मग तिनं मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी चेहऱ्यावर काही ठेवलं नाही. सगळा जोर लावून तो कोरा ठेवला.

"मला दिसत नाहीये," ती म्हणाली.

"नीट बघ. पिवळी."

"सगळं पुसट आहे. थेंब घातलेत ना." तिच्या आवाजात थोडा वैताग आला, पाच वर्षांच्या पोरीला साजेसा, कित्येक दिवसांत मी न ऐकलेला. "दिसत नाही म्हटलं ना, आजोबा!"

कुठे काही आपटलं नाही. रस्ता होता तसाच चालू राहिला. तिनं जरा वेळ वाट पाहिली, मग माझा हात सोडला आणि पदपथाच्या कडेवर एका पायावर उभं राहायचा प्रयत्न करायला लागली.

टॅक्सी आमच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे उभी होती. टॅक्सीवाला दाराबाहेर येऊन हात हलवत होता. मला तो स्पष्ट दिसत होता, त्याच्या खिशातला कंगवासुद्धा. सासरे माझ्यापासून हातभर अंतरावर होते, मान ताठ, चेहरा रस्त्याच्या आवाजाकडे. टॅक्सी कुठे आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही. "आज वारा पडलाय," ते म्हणाले, जसं काही ते त्यासाठीच थांबले होते. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. तो समोरच्या काचांवरून घुमून आला आणि त्यांनी मान वळवली, उलट्या बाजूला, आणि तिकडे बघत ते ओळखीचं हसले.

मी उभी राहिले. विचारलं असतं, तर सांगितलं असतं.